परत येणार की नाही, ते लिहून ठेवा

बूट फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्र चालू होताच ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी धावणाऱ्या कोडच्या, प्रकल्पांत अधूनमधून एक विशिष्ट जातीचा पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, येतो. त्यात चालणाऱ्या कोडची एकही ओळ बदललेली नसते. बदललेल्या असतात त्या एखाद्या फंक्शनच्या डोक्यावरच्या कॉमेंटच्या, म्हणजे फक्त माणसांनी वाचायच्या, चार-पाच ओळी: इथून प्रोग्रॅम बाहेर पडला की कंट्रोल कुठे जातो, मागे कोणती मेमरी राहते, आणि ज्याने हे फंक्शन बोलावलं त्याच्याकडे ते परत येतं की नाही. असा पॅच बहुधा रांगेत शेवटी जातो. कोणी तो न वाचताच घेऊन टाकतो, कोणी ‘फक्त कॉमेंट तर आहे’ म्हणून महिनोन्‌महिने बाजूला ठेवतो.

माझं मत याच्या अगदी उलट आहे. प्रोग्रॅम बाहेर पडण्याच्या वाटेवरची कॉमेंट बूट फर्मवेअरमध्ये कोडइतकीच जबाबदारीची असते. ती चुकीची असेल तर बग म्हणूनच तिची नोंद व्हायला हवी, आणि ती दुरुस्त करणाऱ्या पॅचचा रिव्ह्यू कोडच्या पॅचइतकाच बारकाईने व्हायला हवा. हा मूठभर तंत्रज्ञांचा घरगुती वाद नाही. फोन, लॅपटॉप, राउटर, सर्व्हर, कुठलंही यंत्र चालू केलं की सगळ्यात आधी हाच कोड धावतो. त्यावर विसंबणारी माणसं तो कधी वाचणार नाहीत, म्हणून जे वाचतात त्यांना तो नीट कळणं ही सगळ्यांचीच गरज आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्यांना ‘एक्झिट’ या शब्दाची एक सुखाची सवय लागलेली असते. प्रोग्रॅम संपला की सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मागून येतो. घेतलेली मेमरी परत घेतो, उघड्या फाइली बंद करतो, सगळं झाडून-पुसून ठेवतो. प्रोग्रॅमने पसारा केला तरी निभावतं. बूटच्या टप्प्यावर मागून येणारं असं कोणी नसतं. फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला व्यवहार ठरवणारं मानक म्हणजे यूईएफआय, आणि त्याचा नियम स्पष्ट आहे: अ‍ॅप्लिकेशनने बाहेर पडण्यापूर्वी स्वतः घेतलेली सगळी मेमरी सोडायची, उघडलेली फाइल हँडल्स बंद करायची. अपवाद एकच, जाताना मागे ठेवायचा ‘एक्झिट डेटा’. तो मजकुराचा बफर (मेमरीतली राखीव जागा) मात्र मुद्दाम न सोडता ठेवायचा, आणि तो मोकळा करण्याची जबाबदारी ज्याने प्रोग्रॅम सुरू केला त्याची. म्हणजे बाकी सगळं जाणाऱ्याने आवरायचं आणि एवढी एक वस्तू मागे राहिलेल्याने. हे कोडकडे नुसतं बघून कळत नाही. मेमरी सोडणारी ओळ तिथे का नाही, हे फक्त शब्दांतच सांगता येतं, कारण नसलेली ओळ वाचता येत नाही.

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातली एक गोष्ट मला इथे नेहमी आठवते. छोट्या डॉट-कॉम (नावाच्या शेवटी ‘.com’ असलेल्या) प्रोग्रॅमच्या शेवटी लोक साधं ‘रेट’, म्हणजे ‘परत जा’ ही सूचना, लिहायचे आणि प्रोग्रॅम शहाण्यासारखा संपायचा. का संपायचा? डॉस प्रोग्रॅम सुरू करताना स्टॅकवर, म्हणजे परतीचे पत्ते ठेवायच्या जागेवर, आधीच एक शून्य ठेवून द्यायचं. ‘रेट’ ते शून्य उचलायचं आणि प्रोग्रॅमच्या मेमरीच्या (सेगमेंटच्या) सुरुवातीला उडी मारायचं. तिथे, प्रोग्रॅम सेगमेंट प्रीफिक्सच्या पहिल्या दोन बाइट्समध्ये, ‘इंट २०’ ही प्रोग्रॅम संपवणारी सूचना आधीच पेरलेली असायची. ही व्यवस्था माहीत नसतानाही हजारो प्रोग्रॅम चालले. पण स्टॅकवर एखादा शब्द जास्त राहिला की तेच ‘रेट’ कुठेतरी रानात जायचं, आणि मग ज्याला ते शून्य माहीत असेल त्यालाच ते सोडवता यायचं. बाहेर पडण्याची वाट नेहमी दुसऱ्या कोणीतरी आधी बांधून ठेवलेली असते. जाणाऱ्याला ती दिसत नाही.

यूईएफआयमध्ये अशा वाटा तीन आहेत, आणि त्यांची नावं वाचणाऱ्याला सरळ चकवतात. पहिली वाट म्हणजे एंट्री पॉइंटमधून (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमधून) साधं रिटर्न करणं. दुसरी, ‘एक्झिट’ ही बूट सर्व्हिस, म्हणजे बूटच्या काळात फर्मवेअर पुरवतं ते फंक्शन, बोलावणं. तिसरं नाव ‘एक्झिटबूटसर्व्हिसेस’, आणि नवीन माणूस हमखास इथेच गोंधळतो. नावावरून वाटतं की प्रोग्रॅम बाहेर पडतोय. प्रत्यक्षात निरोप घेतं ते फर्मवेअर. ऑपरेटिंग सिस्टिमचा लोडर फर्मवेअरला सांगतो की आता तुझ्या बूट सर्व्हिसेस आवर, यापुढे यंत्र माझं. लोडर चालतच राहतो. ऑपरेटिंग सिस्टिम चालू असतानाही वापरता येणाऱ्या रनटाइम सर्व्हिसेस तेवढ्या उरतात.

त्यातही एक मेख आहे. हे सांगताना मेमरीचा ताजा नकाशा दाखवणारी किल्ली द्यावी लागते. नकाशा घेतल्यानंतर मधल्या क्षणात काही मेमरी दिली-घेतली गेली असेल तर किल्ली शिळी होते आणि फर्मवेअर ‘अवैध पॅरामीटर’ म्हणून नकार देतं. मग नकाशा पुन्हा मागायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पण पहिल्या नकाराआधीच फर्मवेअरने आपलं काही आवरून टाकलेलं असू शकतं, म्हणून त्या दोन प्रयत्नांच्या मध्ये मेमरीच्या सर्व्हिसेस सोडून दुसरं काहीही बोलवायचं नाही. ‘प्रयत्न फसला’ असा संदेश पडद्यावर दाखवायचा मोह कुणाही सज्जन प्रोग्रॅमरला होईल, आणि तोच घातक. त्या लूपच्या डोक्यावर ‘इथे छपाई करू नका, कारण असं’ एवढी एक ओळ नसेल तर कुणीतरी, चांगल्याच हेतूने, तिथे छपाईची ओळ घालणारच.

आता दुसऱ्या वाटेकडे, ‘एक्झिट’कडे वळतो. माझा सगळा जीव या एका फंक्शनमध्ये अडकला आहे. एक प्रोग्रॅम ‘स्टार्टइमेज’ने दुसरा प्रोग्रॅम सुरू करतो. दुसरा प्रोग्रॅम आपल्याच दहा फंक्शनांच्या पोटात खोल कुठेतरी ‘एक्झिट’ बोलावतो. कंट्रोल थेट ‘स्टार्टइमेज’मध्ये परत यायला हवा, मधल्या दहा फंक्शनांना न विचारता. हे कसं करतात? ईडीके-२ आणि यू-बूट या फर्मवेअरच्या दोन्ही प्रकल्पांत उत्तर एकच आहे: प्रोग्रॅम सुरू करण्याआधी ‘सेटजंप’ने जागेची खूण करून ठेवायची, आणि ‘एक्झिट’ने ‘लाँगजंप’ मारून त्या खुणेवर यायचं. सेटजंप एकदा बोलावलेलं असतं, पण त्यातून परत दोनदा येणं होतं. पहिल्यांदा शून्य घेऊन, दुसऱ्यांदा शून्याखेरीज काहीतरी घेऊन. ईडीके-२च्या कोडमध्ये नेमकी हीच गोष्ट कॉमेंटमध्ये लिहून ठेवली आहे, आणि ती आहे म्हणून खालची ‘जर शून्य असेल तर’ ही अट वाचणाऱ्याला अर्थपूर्ण वाटते. कॉमेंट काढून टाका, की तीच अट निरर्थक वाटू लागते.

यू-बूटमध्ये मामला आणखी एक पदर खोल आहे. यू-बूट आपल्या जागतिक माहितीचा पत्ता प्रोसेसरच्या एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये (त्याच्या आतल्या छोट्या साठवणीत) बाळगतं. ३२-बिट आर्म प्रोसेसरवर ते आर-९, ६४-बिटवर एक्स-१८. यूईएफआयचा प्रोग्रॅम मात्र ते रजिस्टर स्वतःच्या कामाला वापरू शकतो. म्हणून यू-बूटच्या हद्दीत येताना यू-बूटची किंमत रजिस्टरमध्ये घालायची आणि प्रोग्रॅमच्या हद्दीत जाताना प्रोग्रॅमची परत करायची, असा प्रत्येक वेळी पहारा बदलतो. प्रोग्रॅम बोलावणाऱ्या मॅक्रोचे (एका नावाखाली बांधलेल्या कोडच्या तुकड्याचे) त्यामुळे दोन भाग आहेत: जाताना करायचं ते आणि येताना करायचं ते.

साधं रिटर्न झालं तर दोन्ही भाग चालतात. लाँगजंपने आलं तर दुसरा भाग उडून जातो, कारण उडी त्याच्या डोक्यावरून गेलेली असते. मग उतरल्याच्या ठिकाणी तो राहून गेलेला भाग हाताने पूर्ण करावा लागतो. ‘स्टार्टइमेज’च्या त्या फांदीत यू-बूटने एक ऐसपैस कॉमेंट लिहिली आहे: आपण इथे का आलो, कोणती पावलं चुकली, आणि आता रजिस्टरची किंमत उलटी का फिरवतो आहोत. ती कॉमेंट झाकून खालच्या तीन-चार ओळी वाचून बघा. कुणाही हुशार माणसाला त्या चुकीच्या वाटतील. ‘एक्झिट’ने नुकतीच घातलेली किंमत आपणच का पुसतोय, असं वाटून तो त्या ‘स्वच्छ’ करेल, पॅच पाठवेल, आणि ज्या यंत्रावर तो तपासेल तिथे ते बहुधा चालेलही. दुसऱ्या प्रोसेसरवर, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या वेळी, यंत्र निमूटपणे गोठेल. त्या टप्प्यावर डीबगर सहसा हाताशी नसतो. असते फक्त सीरियल पोर्टची काळी खिडकी आणि तिच्यात अर्ध्यावर थांबलेली ओळ.

सी भाषेने स्वतःची एक अडचण यात घातली आहे. सेटजंप आणि लाँगजंप यांच्या दरम्यान बदललेला स्थानिक व्हेरिएबल, तो ‘व्होलाटाइल’ (दर वेळी मेमरीतूनच वाच, अशी कंपायलरला सूचना असलेला) नसेल तर, उडीनंतर कोणती किंमत दाखवेल याची मानक हमी देत नाही. म्हणजे त्या फंक्शनमध्ये उद्या कुणी एखादा साधा मोजणी करणारा व्हेरिएबल घातला, तर कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कोडची फेरमांडणी) बंद असताना तो बरोबर दिसेल आणि चालू केल्यावर बिघडेल. कंपायलर कधी इशारा देतो, कधी देत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण हे मत मी तिच्यातूनच शिकलो. एका फर्मवेअरच्या शाखेत ‘एक्झिट’वर एकच ओळ लिहिलेली होती: हे फंक्शन परत येत नाही. मी एक छोटा चाचणी-प्रोग्रॅम लिहीत होतो. तो दुसरी इमेज, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमची फाइल, मेमरीत आणायचा, तिची तपासणी करायचा, आणि ती नापास झाली तर तिचंच हँडल (ओळखखूण) देऊन ‘एक्झिट’ बोलवायचा. परत येत नाही असं वाचलं होतं, म्हणून त्याच्या खाली मी रिटर्न लिहिलं नाही. पण नियम असा आहे की जी इमेज लोड झाली आहे पण अजून सुरू झालेली नाही, तिच्यावर ‘एक्झिट’ बोलावलं तर ती फक्त मेमरीतून काढली जाते आणि फंक्शन यश कळवून निमूट परत येतं. कंट्रोल माझ्या कोडमध्ये परत आला, पुढे सरकला, आणि आधी काढून ठेवलेल्या पॉइंटरमधून आता आपली न राहिलेली मेमरी वाचू लागला. पाचपैकी चार वेळा जुनी माहिती तिथे तशीच असायची आणि सगळं ठीक दिसायचं. पाचव्या वेळी यंत्र अडकायचं. मी आधी मेमरी चिपवर संशय घेतला, मग केबलवर, मग कंपायलरवर. त्या एका ओळीवर संशय घ्यायला मला तीन दिवस लागले. कॉमेंट साफ खोटी नव्हती. दहातल्या नऊ प्रसंगांत ती खरीच होती. अपुरी होती, आणि अपुरेपणाची सूचना तिच्यात नव्हती.

‘परत येतं की नाही’ एवढ्या एका प्रश्नावर किती मोठी इमारत उभी असते, हे जगाने २०२०च्या जुलैत पाहिलं. ग्रब-२ या बूटलोडरमध्ये ‘बूटहोल’ नावाने ओळखला गेलेला दोष जाहीर झाला, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२०-१०७१३. ग्रब आपली कॉन्फिगरेशन फाइल वाचायला फ्लेक्स या साधनाने तयार केलेला वाचक वापरतो. फाइलमधला एखादा शब्द बफरमध्ये मावणार नाही इतका लांब निघाला, तर फ्लेक्सचा कोड ‘घातक चूक’ हा मॅक्रो बोलावतो. तिथून परत येणं नाही, हे फ्लेक्सने गृहीत धरलेलं. त्याच्या स्वतःच्या मूळ व्यवस्थेत प्रोग्रॅम तिथेच संपतो. ग्रबने मात्र आपला मॅक्रो लिहिताना पडद्यावर संदेश छापला आणि कंट्रोल परत दिला. फ्लेक्सचा कोड मग काही झालंच नाही अशा समजुतीत पुढे गेला आणि न मावणारा मजकूर बफरच्या बाहेर लिहीत सुटला. ज्याला यंत्रावर प्रशासकाचे अधिकार मिळाले आहेत असा हल्लेखोर ती फाइल बदलून, सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी व्यवस्था) चालू असतानाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी स्वतःचा कोड चालवू शकत होता. दुरुस्तीतली मुख्य गोष्ट एका वाक्यात मावते: घातक चूक खरोखरच घातक करा. पण आधीच सही होऊन जगभर पसरलेल्या जुन्या फाइली रद्दयादीत टाकण्याचं काम प्रचंड होतं, आणि घाईच्या अपडेट्सनंतर काही यंत्रं सुरूच होईनाशी झाली.

एका कॉमेंटने बूटहोल नक्की टळला असता, असा दावा मी करणार नाही. पण दोन प्रकल्पांच्या सीमेवर एक करार होता. एका बाजूने तो गृहीत धरला, दुसऱ्या बाजूला तो कुठे लिहिलेला नव्हता. मॅक्रोच्या वर ‘याने परत येता कामा नये’ असं लिहायला कुणी बसला असता, तर त्याच क्षणी खालच्या ओळीवर त्याची नजर गेली असती. कॉमेंट लिहिणं म्हणजे कोड दुसऱ्यांदा वाचणं, हे मी अनुभवाने सांगतो.

यावर कामातल्या लोकांचे आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. चांगला कोड स्वतःच बोलतो, त्याला कॉमेंट कशाला, हा पहिला. नावं नीट ठेवावीत, फंक्शन लहान ठेवावीत, हे मलाही मान्य आहे. पण लाँगजंपचं नाव कितीही सुंदर ठेवलं तरी ती कुठे उतरते हे तिच्या ओळीत लिहिलेलं नसतं. ते दुसऱ्या फंक्शनमध्ये, कधी दुसऱ्या फाइलमध्ये असतं. कोड बोलतो तो त्या ओळीपुरता. वाट सांगायला वाटाड्याच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक: ‘परत येत नाही’ हे कॉमेंटमध्ये कशाला, सी-११पासून (सी भाषेच्या २०११च्या मानकापासून) भाषेतच तशी खूण आहे, ती लावा म्हणजे कंपायलरच तपासेल. जिथे लागू पडते तिथे जरूर लावा. ग्रबमधल्या त्या जागी ती बरोबरच ठरते. पण यूईएफआयच्या ‘एक्झिट’ला ती लावताच येत नाही, कारण ते कधी कधी परत येतं: सुरू न झालेली इमेज काढून यश कळवताना येतं, आणि चालू नसलेल्या भलत्याच इमेजचं हँडल दिलं तर ‘अवैध पॅरामीटर’ घेऊन येतं. खूण फक्त ‘कधीच नाही’ एवढंच सांगू शकते. ‘या दोन प्रसंगांत हो, एरवी नाही’ हे वाक्य माणसालाच लिहावं लागतं.

कॉमेंटी शिळ्या होतात, हा तिसरा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा. कोड बदलतो, वरची ओळ तशीच राहते. माझ्या गोष्टीतली ओळ त्यातलीच. पण यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. शिळी कॉमेंट धोकादायक असेल, तर तिला ताजी करणाऱ्या पॅचचं स्वागत व्हायला हवं, आणि आपण नेमका त्यालाच क्षुल्लक म्हणतो. राहिलं स्पेसिफिकेशन. यूईएफआयचा ग्रंथ दोन हजारांहून जास्त पानांचा आहे. त्यात नियम आहेत, पण आपल्या कोडने तो नियम कोणत्या युक्तीने पाळला हे त्यात नाही. रजिस्टरचा पहारा कसा बदलतो, हे कोणत्याही मानकात सापडणार नाही.

संगणकाच्या इतिहासातली एक अतिशय प्रसिद्ध कॉमेंट याच विषयावर आहे, याची आठवण फार कमी जणांना असते. १९७५च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत प्रोसेस बदलणाऱ्या कोडवर ती होती आणि तिचा शेवट ‘हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही’ अशा अर्थाच्या वाक्याने व्हायचा. ते शेवटचं वाक्यच लोकांच्या तोंडी राहिलं. त्याच्या आधीच्या ओळी सांगत होत्या की इथलं रिटर्न या फंक्शनमधून होतच नाही, ते आधी स्थिती जतन करून ठेवणाऱ्या दुसऱ्याच फंक्शनमधून होतं. युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की ते वाक्य ‘हे परीक्षेला नाही’ अशा भावनेने लिहिलं होतं, आणि खरी अडचण अशी होती की नेमकं काय चाललंय हे आम्हालाही कळलेलं नव्हतं. ती युक्ती पीडीपी-११ या संगणकावर चालली, कारण तिथला कंपायलर प्रत्येक फंक्शनमधून एकाच पद्धतीने बाहेर पडायचा. इंटरडेटाच्या यंत्रावर नेताना ते गृहीतक कोसळलं आणि ती व्यवस्था बदलावी लागली. त्या कॉमेंटबद्दल मला आदर आहे. उडी कुठे उतरते हे तिने लिहून ठेवलं होतं. ती कशाच्या भरवशावर चालते, तेवढं राहिलं.

म्हणून ‘एक्झिट’च्या डोक्यावर काय असावं याबद्दल माझं म्हणणं नेमकं आहे. फंक्शन कोणत्या प्रसंगात परत येतं आणि कोणत्या नाही. परत न येता जातं तेव्हा नक्की कुठे उतरतं, त्या फंक्शनच्या नावासकट. उडीत कोणती कामं राहून जातात आणि ती कोण करतं. ड्रायव्हर यश कळवून गेला तर तो मेमरीत राहतो, अ‍ॅप्लिकेशन मात्र कसंही गेलं तरी काढलं जातं, हा फरक. आणि हे सगळं ज्या गृहीतकावर उभं आहे ते. ‘बाहेर पडतो’ एवढंच लिहिणारी ओळ फंक्शनचं नाव पुन्हा उच्चारते, त्यापेक्षा ती नसलेली बरी. कोण बाहेर पडतो, प्रोग्रॅम की फर्मवेअर, हा कर्ता वाक्यात असलाच पाहिजे.

मेन्टेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या, मंडळींकडे माझी एक मागणी आहे. असा पॅच आला की त्याच्यासोबत कोड उघडून वाचा आणि प्रत्येक वाक्याला विचारा, हे खरं आहे का. पॅच पाठवणारा अनेकदा नवखा असतो. त्याला नुकतीच ठेच लागलेली असते आणि ती जागा त्याला अजून दिसत असते. आपण तिथून वर्षानुवर्षं डोळे मिटून चालत आलेलो असतो.

त्या तीन दिवसांनंतर मी ती एक ओळ काढून चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. रिव्ह्यू करणाऱ्याने कोडशी ताडून प्रत्येक वाक्य तपासलं, एका ठिकाणी माझा ‘नेहमी’ हा शब्द खोडला, आणि विचारलं, ‘एक्झिट डेटाचा बफर कोण मोकळा करतो, ते कुठे आहे?’ ते राहून गेलं होतं. मी पाचवी ओळ लिहिली.